विश्लेषण : तुकोबांच्या पालखीची वाट कोणी घालून दिली? नारायण महाराजांचे आयुष्य आणि बारामती-इंदापूरचा वाटा

दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून संत तुकाराम महाराजांची पालखी निघते आणि आठवडाभरात रोटी घाट चढून बारामती तालुक्यात येते. पुढचे सहा मुक्काम पुणे जिल्ह्याच्या याच टोकाला असतात : उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. तिथीच्या हिशेबाने एखाद्या वर्षी मुक्काम वाढतो किंवा गाव बदलते. बाकी क्रम ठरलेला असतो आणि तो कोणाला विचारावाही लागत नाही.

ही घडी आपोआप बसलेली नाही. पालखीची पद्धत घालून देणारा एक माणूस होता. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज देहूकर यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला, असे देहूची परंपरा सांगते. तुकोबांचे चरित्र महाराष्ट्राला पाठ आहे, त्यांच्या या मुलाचे आयुष्य मात्र वारीच्या दिवसांतही फारसे सांगितले जात नाही. सध्या पालखी मार्गाचे चौपदरीकरण, दिंड्यांचे अनुदान आणि वाटेवरच्या सावलीची चर्चा सुरू असते. त्या चर्चेतले बहुतेक प्रश्न नारायण महाराजांपुढेही वेगळ्या रूपात उभे होते.

नारायण महाराज कोण होते?

तुकोबा आणि जिजाबाई (आवली) यांना महादेव, विठोबा आणि नारायण असे तीन मुलगे आणि काशी, भागीरथी, गंगा अशा तीन मुली. नारायण सर्वांत धाकटे. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० मध्ये, तुकोबांचे सदेह वैकुंठगमन झाले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. नारायण यांचा जन्म त्यानंतरचा. ज्या वडिलांच्या पादुका त्यांनी पुढे पालखीत ठेवल्या, त्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

वडील त्यांना कळले ते इतरांकडून. चुलते कान्होबा घरातच होते. तुकोबांच्या जाण्याचा शोक कान्होबांच्या अभंगांतून आजही वाचायला मिळतो. गावात तुकोबांचे टाळकरी होते, अभंगांच्या वह्या होत्या आणि ते अभंग तोंडपाठ असलेली माणसे होती.

घरची स्थिती मात्र बिकट होती. मोरे घराणे एकेकाळी देहूतले सावकारी आणि व्यापार करणारे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने ते मोडले. तुकोबांची पहिली पत्नी त्यातच गेली. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली आणि येणे असलेल्या पैशावरचा हक्क संपवला. छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणाही त्यांनी परत केला, असे परंपरा सांगते. नारायण यांना वारसा मिळाला तो वडिलांच्या नावाचा, अभंगांचा आणि घराण्यातल्या वारीचा.

वारी आधीपासून होती, मग त्यांनी नवे काय केले?

पंढरीची वारी नारायण महाराजांनी सुरू केलेली नाही. ती ज्ञानेश्वरांच्याही आधीची मानली जाते. मोरे घराण्यात ती तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांच्यापासून चालत आली होती. तुकोबा स्वतः टाळकऱ्यांसह पंढरपूरला जात. गावोगावचे लोक आपापल्या सोयीने, आपापल्या वाटेने निघत आणि चंद्रभागेच्या काठी भेटत.

नारायण महाराजांनी या चालण्याला एक केंद्र दिले. त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या. देहूहून ही पालखी आळंदीला जाई, तिथे ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका त्याच पालखीत घेतल्या जात आणि दोन्ही संत एकत्र पंढरपूरला निघत. ज्ञानोबा-तुकाराम हा जोडनामाचा गजर याच काळात रुजला, असे देहूत मानले जाते. दोघांत साडेतीन शतकांचे अंतर. पालखीत मात्र ते शेजारी बसले.

या एका निर्णयाचे तीन परिणाम झाले.

• नेतृत्वाचा प्रश्न सुटला. एखादा महाराज किंवा बुवा पुढे चालत असेल, तर त्याच्या पश्चात जमाव पांगतो. इथे पुढे चालणार त्या पादुका. माणसे बदलली, तरी कोणाच्या मागे जायचे हे दरवर्षी तेच राहिले.

• वेळापत्रक आले. पालखी निघण्याची तिथी ठरली आणि पोहोचण्याची आषाढी ठरलेलीच होती. मधले दिवस गावांत वाटले गेले. कोणत्या दिवशी किती माणसे येणार, याचा अंदाज गावाला आधीच येऊ लागला.

• वाट ठरली. पांगून चालणाऱ्या शंभर माणसांना शंभर वाटा चालतात. पालखीला एकच लागते. तिला पाणी हवे, रात्री टेकायला जागा हवी आणि नदी ओलांडायला उतार हवा.

आजच्या भाषेत सांगायचे, तर नारायण महाराजांनी एका सवयीची व्यवस्था केली. वारीचा भाव त्यांनी बदलला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या पोहोचवण्याची सोय केली.

१६८५ हे साल सोपे का नव्हते?

औरंगजेब तेव्हा दख्खनेत उतरलेला होता. विजापूरला मोगलांचा वेढा पडला होता आणि छत्रपती संभाजी महाराज अनेक आघाड्यांवर लढत होते. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातून फौजांची ये-जा चालू होती. अशा काळात शेकडो निःशस्त्र माणसांनी टाळ वाजवत, उघड्या रस्त्याने, आधी जाहीर झालेल्या तिथीला निघायचे, म्हणजे धोका अंगावर घेणे होते.

पुढची वर्षे तर आणखी कठीण गेली. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे पंढरपूरच्या अगदी जवळ. मोगलांच्या भीतीने विठ्ठलमूर्ती पंढरपूरजवळच्या देगावात लपवून ठेवल्याची आठवण त्या भागात सांगितली जाते.

पालखीची घडी बसली ती या काळात. राज्य डळमळीत, रस्ते असुरक्षित आणि पीकपाण्याचा भरवसा नाही, अशा वेळी वाट चालू ठेवायची तर ती गावांच्या जिवावरच ठेवावी लागते. पाटील, देशमुख, शेतकरी, अलुतेदार-बलुतेदार यांनी दार उघडले तर मुक्काम, नाही तर नाही. गावांनी पालखीला आपले मानले याची मुळे भक्तीत आहेत, तशीच ती या गरजेतही असावीत.

वडिलांनी कागद बुडवले, मुलाने सनदा का घेतल्या?

नारायण महाराजांच्या आयुष्यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही आहे. ज्या घरात तुकोबांनी कर्जखते नदीत सोडली, त्याच घरात नारायण महाराजांच्या काळात राजदरबारच्या सनदा आल्या. छत्रपती घराण्याकडून देहू, येलवाडी आणि किन्हई ही तीन गावे देवस्थानाला इनाम मिळाली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीपर्यंत ही व्यवस्था पक्की झाली.

वरवर पाहता हा वडिलांच्या वागण्याचा उलटा मार्ग वाटतो. पण दोघांपुढचे प्रश्न वेगळे होते. तुकोबांनी नाकारले ते स्वतःसाठीचे धन. नारायण महाराजांवर देवळातली पूजा, रोजचे अन्नदान, देहूतला उत्सव आणि दरवर्षी शेकडो माणसांना घेऊन जाणारी पालखी, असा खर्च होता. भक्ती फुकट असते. पालखीचे भोई, नगारा, तंबू, शिधा आणि दिवाबत्ती फुकट नसते. दरवर्षी नव्याने हात पसरायचा, की एक कायमचे उत्पन्न लावून द्यायचे, असा हा व्यवहाराचा प्रश्न होता. त्यांनी दुसरा पर्याय निवडला.

त्याची खूण आजही सोहळ्यात दिसते. प्रस्थानाच्या दिवशी पालखीचा पहिला मुक्काम देहूतच असतो, तो इनामदार वाड्यात. ज्या तुकोबांनी घराचा हिशेब नदीला दिला, त्यांच्या पादुका पहिली रात्र इनामाचे नाव असलेल्या वाड्यात काढतात. वारकऱ्यांना त्यात विसंगती वाटत नाही. त्याच दिवशी पहाटे देहूच्या देवस्थानात विठ्ठल-रुक्मिणीच्या महापूजेबरोबर तपोनिधी नारायण महाराजांच्या समाधीचीही पूजा होते, आणि सोहळ्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

एकच पालखी दोन कशा झाल्या?

कायमचे उत्पन्न आले की त्याचे वारसही येतात. नारायण महाराजांनंतर देहूकर घराण्यात इनामाच्या वाटणीवरून आणि सोहळ्याच्या हक्कावरून तंटे होत राहिले. ज्या सनदांनी पालखीला आधार दिला, त्याच सनदांनी तिच्याभोवती भांडण उभे केले. तरीही दोन्ही संतांची एकत्र पालखी सुमारे दीडशे वर्षे चालली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी वेगळा मार्ग काढला. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. गावी परतताना सातपुड्यात त्यांना पकडून डांबण्यात आले, तिथे ते हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटका होताच घरी न जाता आळंदीला येऊन राहिले, अशी त्यांची कथा आहे. १८३२ च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून स्वतंत्र सुरू केली.

त्यांची रीत वेगळी होती. त्यांनी सोहळ्याची कामे अनेकांत वाटली. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिला. वासकरांसारखे फडकरी दिंड्या घेऊन आले. दिंड्यांचा क्रम लागला, चोपदारांचा शब्द शेवटचा ठरला आणि संध्याकाळच्या समाजआरतीत तक्रारी आणि हरवले-सापडलेले सांगण्याची पद्धत पडली. अंकलीहून घोडे आजही येतात. हैबतबाबांची समाधी आळंदीच्या महाद्वारात पायरीच्या रूपात आहे. देवळात जाणारा तिला हात लावून पुढे जातो.

तेव्हापासून दोन्ही पालख्या वेगळ्या चालतात. पुण्यात त्या भेटतात. पुढे माउलींची पालखी दिवे घाटातून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणकडे वळते. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड करत बारामती आणि इंदापूरला येते. वाखरीला त्या पुन्हा जवळ येतात. नारायण महाराजांनी एका पालखीत बसवलेले दोन संत आता दोन रस्त्यांवर असले, तरी दोन्हीकडचा गजर ज्ञानोबा-तुकाराम असाच राहिला आहे.

बारामती-इंदापूरचा वाटा नेमका काय?

देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातला बारामती-इंदापूरचा पट्टा एकसारखा नाही. रोटी घाट चढून आले की उंडवडीचा जिरायती माळ लागतो. पाऊस लांबला तर ज्येष्ठात इथे गावालाच टँकर लागतो. अशा गावात पालखीबरोबरचा जमाव एका रात्रीसाठी उतरतो. बारामतीच्या पुढे नीरा डाव्या कालव्याचे पाणी येते आणि उसाचा पट्टा सुरू होतो. सराटीला नीरा नदी येते. तिथे पादुकांना नीरास्नान घालून पालखी अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात जाते.

या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने आपले एक काम धरून ठेवले आहे.

• काटेवाडी : परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो. त्यानंतर मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. मेंढ्यांचे हे रिंगण पाहायला दूरदूरचे लोक येतात. रिंगण घातले की कळपाला रोगराई होत नाही, असा मेंढपाळांचा विश्वास आहे.

• बेलवाडी : सोहळ्यातले पहिले गोल रिंगण इथे होते. त्यासाठी मैदान मोकळे राखणे, सपाट करणे आणि गर्दीला कड्याबाहेर ठेवणे हे गावाचे काम.

• इंदापूर : इथेही गोल रिंगण आणि मुक्काम. तालुक्याचे गाव असल्याने बाजार, दवाखाने, शाळांच्या खोल्या आणि मंडळांचे कार्यकर्ते हाताशी असतात.

• बारामती : शहरातला मुक्काम मोठा. शाळा-महाविद्यालये, व्यापारी आणि सोसायट्या आपापल्या दिंड्या ठरवून घेतात. तीच दिंडी त्याच घरी वर्षानुवर्षे उतरते. आजोबांनी धरलेली पंगत नातू चालवतो.

याशिवाय चपला शिवून देणारे, दाढी करून देणारे, पायांना तेल लावणारे आणि औषधाच्या गोळ्या देणारे हात वेगळेच. त्यांची नावे कुठल्या यादीत नसतात.

एक बाब इथे महत्त्वाची आहे. यातले कोणतेही गाव अख्ख्या वाटेची जबाबदारी घेत नाही. काटेवाडीला बेलवाडीची चिंता नसते. प्रत्येकाला आपला एक दिवस आणि आपला एक टप्पा माहीत असतो. तो नीट झाला की पालखी पुढच्या गावाच्या हवाली. अडीचशे किलोमीटरची वाट अशा तुकड्या-तुकड्यांनी सांभाळली जाते.

संस्थान, दिंडी, शासन : कोण काय सांभाळते?

• देहू संस्थान : श्री संत तुकाराम महाराज संस्थानचे विश्वस्त मोरे वंशजांतून येतात. पादुका, रथ, वेळापत्रक आणि मानकऱ्यांचे नेमून दिलेले हक्क यांची जबाबदारी संस्थानची. रथाला बैलजोडी कोणाची लावायची, हेही दरवर्षी संस्थान ठरवते. त्यासाठी शेतकरी अर्ज करतात.

• दिंडी : विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक आणि तुळस घेतलेल्या महिला यांचा गट. रथाच्या पुढे की मागे आणि कितव्या क्रमांकाला, हे ठरलेले असते. राहुटी, ट्रक आणि शिधा दिंडी स्वतः पाहते. त्यासाठी सभासद भिशी भरतात.

• शासन : रस्ता, पाणी, आरोग्य पथके, वीज आणि वाहतूक वळवणे ही कामे जिल्हा प्रशासन, जिल्हा परिषद, ग्रामपंचायती आणि पोलिसांकडे.

• स्वयंसेवक : निर्मल वारी या उपक्रमात २०१५ पासून मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालये बसवली जातात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी स्वच्छतेसाठी आणि झाडे लावण्यासाठी वाटेवर उतरतात. पालखी गेल्यानंतर मैदान झाडणे हे सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत गरजेचे काम.

२०२४ मध्ये राज्य शासनाने प्रत्येक दिंडीला २० हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. त्यावर वारकऱ्यांतून स्वागताचे आणि विरोधाचे असे दोन्ही सूर उमटले. खर्च वाढला आहे, मदत घेण्यात गैर काय, असे एका बाजूचे म्हणणे. वारी स्वतःच्या पैशाने आणि गावाच्या भाकरीवर चालते, तिला सरकारी मदतीची सवय लागू नये, ही दुसरी बाजू. हा वाद नवा वाटला, तरी इनामाची सनद हातात घेताना नारायण महाराजांपुढेही तोच प्रश्न होता : बाहेरचा आधार किती घ्यायचा आणि त्याची किंमत काय?

जगात अशा लांब वाटा कशा टिकतात?

अमेरिकेतली अपलाचियन ट्रेल ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट १४ राज्यांतून जाते. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. १९६८ मध्ये तिला राष्ट्रीय पायवाटेचा कायदेशीर दर्जा मिळाला. जमीन आणि कायदा सरकार पाहते. पण पडलेली झाडे उचलणे, खुणा रंगवणे, वाहून गेलेली माती भरणे ही कामे स्थानिक गिर्यारोहण क्लबांचे स्वयंसेवक करतात. प्रत्येक क्लबला वाटेचा एक तुकडा वाटून दिलेला असतो.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावरही गावोगावच्या धर्मशाळा आणि स्वयंसेवक यात्रेकरूंना सांभाळतात. त्या मार्गाला १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

या दोन्ही ठिकाणची पद्धत वारीला ओळखीची वाटेल. एक सर्वमान्य मध्यवर्ती संस्था, टप्प्याटप्प्याने वाटलेली स्थानिक जबाबदारी आणि मागे उभे राहणारे सरकार. फरक असा, की अमेरिकेत हे गेल्या शतकात ठरवून उभे केले. देहूच्या वाटेवर ते सव्वातीनशेहून अधिक वर्षांत रुळत गेले आणि बरेचसे अलिखित राहिले. अलिखित गोष्टीचे बळ मोठे असते. पण पिढी बदलली की ती विसरलीही लवकर जाते.

२०२० मध्ये काय कळले?

करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. रस्ता तोच होता, मैदाने जागेवर होती, नीराही होती. पण काटेवाडीत धोतरे अंथरली गेली नाहीत आणि बेलवाडीत घोडे धावले नाहीत. पादुका पोहोचल्या, परंपरा तुटली नाही. वाट मात्र दोन वर्षे रिकामी राहिली. २०२२ मध्ये पायी सोहळा पुन्हा सुरू झाला, तेव्हा गावांनी आपापली कामे आधीसारखी उचलली. कोणी परिपत्रक काढून त्यांना ती वाटून दिली नव्हती.

नवा पालखी मार्ग : काय मिळाले, काय राखायचे?

पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे १३० किलोमीटरच्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. अंदाजे खर्च ४,४०० कोटी रुपये. दोन्ही बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पायवाट ठेवण्याचे नियोजन त्यात आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली वाट याच मार्गावर येते.

फायदा उघड आहे. जुन्या अरुंद रस्त्यावर भरधाव वाहने आणि दिंड्या एकमेकांना खेटून चालत. अपघाताची भीती कायम असे. रुंद रस्ता आणि वेगळी पायवाट यामुळे ती कमी होते.

पण रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी वडा-चिंचेची झाडे गेली. ज्येष्ठाच्या उन्हात डांबरावरून चालणाऱ्या सत्तरीच्या आजींना झाडाची सावली हीच विसाव्याची जागा होती. नवी रोपे लावली जातात. ती सावली देण्याजोगी व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागतात आणि त्यातली पहिली तीन-चार वर्षे कोणीतरी पाणी घालावे लागते. काही ठिकाणी महामार्ग गावाबाहेरून जातो. पालखी गावातून गेली नाही, तर त्या गावाचा मान आणि त्याबरोबर त्याची जबाबदारी हळूहळू सुटण्याची भीती असते. म्हणूनच बाह्यवळण झाले तरी पालखी जुन्या वेशीतूनच जावी, असा गावांचा आग्रह असतो.

पायवाटेचा प्रश्नही आहे. पालखी या पट्ट्यात आठवडाभर असते. उरलेल्या ५१ आठवड्यांत त्या पायवाटेवर दुकानांचे फलक, उसाच्या ट्रॉल्या आणि राडारोडा येणार नाही, हे पाहायचे कोणी? महामार्ग प्राधिकरण रस्ता बांधू शकते. रोपाला पाणी घालणे आणि पायवाट मोकळी ठेवणे हे काम शेवटी वाटेवरच्या गावालाच जमते. ग्रामपंचायत, शाळा, साखर कारखाने, दूध संस्था आणि तरुण मंडळे यांनी दोन-दोन किलोमीटरचा टप्पा वाटून घेतला, तर ते या वाटेच्या जुन्या रीतीला धरूनच होईल. मेंढ्यांचे रिंगण सांभाळणाऱ्या तालुक्याला ही पद्धत शिकवावी लागणार नाही.

नारायण महाराजांचा वारसा कशात आहे?

नारायण महाराज तुकोबांसारखे कवी म्हणून लोकांच्या ओठांवर राहिले नाहीत. आषाढीच्या गर्दीत त्यांचे चित्र क्वचितच दिसते. त्यांचे काम व्यवस्थेचे होते आणि व्यवस्था नीट चालली की ती लावणारा माणूस दिसेनासा होतो.

त्यांच्या हयातीतली दोन पावले पुढच्या काळाने तपासून पाहिली. इनामाने पालखीला आधार मिळाला, पण त्याच इनामाने घरात वाटण्या आणि तंटे आणले. पुढे संस्थाने गेली, इनामे गेली, राज्ये बदलली. पादुका मध्ये ठेवून बाकीचे काम वाटेवरच्या लोकांच्या हाती सोपवण्याची रीत मात्र टिकली, कारण तिचा मालक कोणी एक नव्हता. पैसा आला आणि गेला, रस्ता मातीचा होता तो चौपदरी झाला. उंडवडीत टँकर कुठे लावायचा, सणसरमध्ये कोणती दिंडी कोणाच्या अंगणात उतरणार आणि सराटीत नीरेकाठी उतार कोण साफ करणार, हे आजही त्या त्या गावातच ठरते.